कुरडयांच्या डब्याखालचं पुस्तक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवरा गेला, तो हे न कळताच गेला. मुलाला माहीत नाही, सुनेला नाही, आणि बहिणीला — तिला तर नाहीच नाही. बुद्धवंदनेला बसते, हात जोडते, आणि हा विषय मनात आला की डोळे उघडून मेणबत्ती सरळ आहे का ते बघत राहते.

मी लिहिते आहे ती वही यशूची आहे, तिच्या शाळेतली. मागची पानं कोरी राहिली होती. यशू म्हणजे यशोधरा, माझी नात. आता युनिव्हर्सिटीत शिकते. मी चौथी झालेली बाई, मूळची कामठीची, राहते मुलाकडे सिंगापूरला, बुकित पंजांगमध्ये, अकराव्या मजल्यावर. घरात आत्ता कुणी नाही. अविनाश सकाळीच कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला गेला, सून प्रज्ञा तिच्या लॅबमध्ये. तरी दर दोन ओळींनी मी दाराकडे बघते आहे. कशाला? या मजल्यावर मराठी वाचणारं दुसरं कुणी नाही. यशूलासुद्धा अक्षर लावत लावत वाचावं लागतं. तरी बघते.

तुम्ही कोण, मला माहीत नाही. कदाचित कुणीच नसाल. पण समोर कुणी बसलं आहे असं धरल्याशिवाय मला लिहिता येत नाही. तेव्हा बसा. आणि मी मध्येच थांबले तर काही बोलू नका.

कुठून सांगू? डोळ्यांपासून सांगते.

माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमचे, डोळे घारे आहेत. आमच्या वस्तीत तसे डोळे दोघींचेच होते, आमच्या मायचे आणि कुसुमचे. माझे काळे. मी बापावर गेले. लहानपणी मला वाटायचं, आपण थोडक्यात वाचलो.

कारण कामठी हे छावणीचं गाव. आणि छावणीच्या गावात घाऱ्या डोळ्यांचा अर्थ पोराटोरांनाही ठाऊक असतो. मायची आजी पुतळाबाई छावणीत कपडे धुवायला जायची. तिथला एक गोरा शिपाई होता, मायकल नावाचा. इंग्रज नव्हे, आयर्लंडचा — हे माय दर वेळी ठासून सांगायची, जणू त्याने आमच्या वस्तीत काही फरक पडणार होता. त्याच्यापासून पुतळाबाईला मुलगी झाली. तिचं नाव आनंदी. ती माझी आजी. लग्न लागलं होतं की नाही, कुणालाच माहीत नाही. पलटण हलली, तो गेला. जाताना एक लहानसं काळं पुस्तक ठेवून गेला, त्याच्या प्रार्थनेचं. ते पुतळाबाईकडून आनंदीकडे, आनंदीकडून मायकडे आणि मायकडून कुसुमकडे आलं. माझ्याकडे नाही. माय म्हणाली होती, "डोये तिचे हायेत त्याच्यासारखे, तिलेच ठेवू दे."

शाळेत आम्ही दोघी एकत्र निघायचो. नाल्यापाशी आलं की मी पुढे व्हायचे. दहा पावलं, पंधरा पावलं. नाल्यापलीकडे पोरं बसलेली असायची. कुसुम दिसली की सुरू — "ए मांजरे! गोऱ्याची! तुझा आबा विलायतेहून बिस्कुटं धाडते काय वं?" मी सगळं ऐकायचे. मान खाली घालून चालायचे, मागून येणारी मुलगी दुसऱ्याच कुणाच्या घरची असल्यासारखी. तिने मला कधी हाक मारली नाही. विमे, थांब, असं एकदाही म्हणाली नाही. का म्हणाली नसेल? मला वाटतं तिला कळत होतं. कळत होतं आणि तिने मला जाऊ दिलं.

पुढे कुसुमचं लग्न ठरून मोडलं. सुपारी फुटली होती. मुलाकडची माणसं घरी येऊन म्हणाली, पोरगी गुणाची आहे, पण हिच्या आजीच्या बापाचा पत्ता नाही. कुसुम आतल्या खोलीत होती. मीही आतच होते. तिने ट्रंक उघडली, ते पुस्तक काढलं, आणि ते हातात घेऊन दाराआड उभी राहिली. बाहेर गेली नाही. तिला वाटत होतं त्यात काहीतरी आहे, दाखवण्यासारखं. पण काय आहे ते आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हतं. ती माणसं चहा न घेता गेली.

तिने पुन्हा लग्नाचं नाव काढू दिलं नाही. बालवाडीत पोरं सांभाळली, त्यातच म्हातारी झाली. माझं लग्न नागपूरला झालं. सासरी मी मायच्या घराण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. कुसुम भेटायला आली की सासू विचारायची, हिचे डोळे गं असे कसे? मी म्हणायचे, जन्मापासून तसेच आहेत. खोटं नव्हतं ना ते? बघा, मला तेव्हाच जमायला लागलं होतं.

हे सगळं आधीचं. मी जे सांगायला बसले ते हे नव्हे. पण ते इथूनच निघालं, म्हणून सांगितलं. की मी उगाच लांबवते आहे?

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. यशू तेव्हा अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी होती म्हणून आम्ही सगळे कामठीला गेलो होतो, आणि कुसुमने तिला जवळ बसवून सगळं सांगून टाकलं. मायकल, पुतळाबाई, पलटण, पुस्तक. मी स्वयंपाकघरात होते. पोळी लाटता लाटता ऐकत होते, आणि लाटणं थांबलं तर कळेल म्हणून लाटतच राहिले. ती पोळी इतकी पातळ झाली की उचलता येईना.

मला वाटलं होतं मुलगी विसरेल. पण इकडे आल्यावर तिच्या शाळेने घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितलं. दर रविवारी फोनवर सुरू — "कुसुम आजी, ते पुस्तक पाठव ना, प्लीज." कुसुम म्हणायची, "थांब बेटा, पहिले मी वाचून घेतो." म्हणजे एवढ्या वर्षांत तिने ते कुणाकडून वाचून घेतलं नव्हतं. भीती वाटत असणार, दुसरं काय? त्या महिन्यात मात्र ती चर्चमधल्या फादरकडे गेली. काय निघालं ते तिने फोनवर सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत धाडतो. पोस्टानं नाही. यशूनंच वाचावं."

आणि यशूने जाहीर केलं की दर महिन्याला आपल्या घरी वंदनेला सगळे येतात ना, तेव्हा ती आपला चार्ट भिंतीवर लावून दाखवणार.

तुम्हाला ती माणसं माहीत नाहीत, म्हणून सांगते. दहा-बारा घरं. सगळे शिकलेले, कुणी इंजिनियर, कुणी संशोधक. बायका फार चांगल्या आहेत. मला मावशी म्हणतात, मी केलेल्या कुरडया बांधून नेतात. माझ्या चौथीबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. पण मी त्या रविवारची कल्पना करत होते — चार्ट लागला आहे, सगळ्याजणी पुढे झाल्या आहेत, आणि कुणीतरी, वाईट हेतूने नव्हे, अगदी सहज, विचारते आहे, "म्हणजे मावशी, तुमच्या पणजीचं लग्न त्याच्याशी झालं होतं?" आणि अविनाश माझ्याकडे वळून बघतो आहे. त्याला मी हे का सांगितलं नव्हतं, ते त्याला तिथे, सगळ्यांसमोर कळतं आहे. मी साठीची बाई, पण कल्पनेतसुद्धा मान खाली घालून पुढे निघाले होते, नाल्यापाशी निघायचे तशी.

पुस्तक आलं. तुआसला नोकरी करणाऱ्या एका मुलाची आई नागपूरहून येत होती, तिच्या सामानातून. आपल्यात असंच असतं, कुणी निघालं की त्याच्या बॅगेत दोन किलो आपलं. एमआरटी स्टेशनवर त्या बाईंनी मला पिशवी दिली आणि म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी दहा वेळा बजावलंय हो, आडवी ठेवू नका म्हणून. मला वाटलं लोणचं आहे." मी हसले. पिशवी छातीशी धरून घरी आले.

दुपार होती. घरात मी एकटी. वर तिखटाची पुडी, मग कुरडयांचा डबा, आणि डब्याखाली मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं ते पुस्तक.

मी ते उघडलं. छापलेलं सगळं इंग्रजी. पहिल्या दोन कोऱ्या पानांवर शाईने हाताने लिहिलेली यादी होती, एकाखाली एक नावं, पुढे आकडे. शाई तांबूस झालेली. मला इंग्रजी येत नाही. मला काही वाचता आलं नाही.

मी ओट्यापाशी उभी होते. आमच्या इथे स्वयंपाकघराच्या भिंतीत कचरा टाकायचं झाकण असतं, ते उघडून टाकलं की थेट खाली. मी ते झाकण उघडलंसुद्धा. पण वाटलं, खाली कुणाला सापडलं तर? कुणी वर आणून दिलं तर? काय वेड्यासारखा विचार. पण मला तो आला.

तो चिनी लोकांचा सातवा महिना होता. त्या महिन्यात ते आपल्या गेलेल्या माणसांसाठी कागद जाळतात — कागदाचे पैसे, कागदाचे कपडे, वर त्यांना मिळावेत म्हणून. ब्लॉकखाली त्यासाठी लोखंडी पिंपं ठेवलेली असतात. मी पुस्तक पदरात घेतलं आणि लिफ्टने खाली गेले. हो, पदरात. मी इथेही साडीच नेसते.

पिंपापाशी आमच्या मजल्यावरची म्हातारी आंटी होती. तिचा विधी जवळपास आटोपला होता, खाली निखारे लाल होते. मी पुढे झाले. पुस्तक तसंच टाकलं तर जळणार नाही, हे मला माहीत होतं, चूल पेटवून पेटवून हात तयार झालेले. म्हणून मी ती दोन पानं आधी फाडली. मग बाकीचं पुस्तक मधोमध उघडून निखाऱ्यांवर पालथं घातलं आणि वर ती पानं ठेवली.

आंटीने बघितलं. तिला वाटलं मीही माझ्या माणसांसाठीच जाळते आहे. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "युवर मदर आह? युवर फादर?" मी मान हलवली. "गुड, गुड," ती म्हणाली. आणि तिच्याकडचे उरलेले कागद तिने माझ्या पानांवर घातले, माझ्या माणसांना थोडं जास्त मिळावं म्हणून. वर एक संत्रं दिलं. ते मी खाल्लं. काय करणार होते दुसरं?

वर येऊन मी कुरडया तळल्या. यशू शाळेतून आली, तिने पिशवी उपसली आणि विचारलं, "आजी, बुक?" मी म्हटलं, नव्हतं गं बाळा. कुसुम आजी ठेवायला विसरली वाटतं.

एवढंच वाक्य. ते मी आधी ठरवलंही नव्हतं. जाळताना मी एवढाच विचार केला होता की पुस्तक नसलं की झालं. ते नसण्याचं काहीतरी कारण लागेल, कुणीतरी लागेल, हे माझ्या डोक्यात नव्हतं. आणि तोंड उघडलं तर कुसुमचं नाव आलं. इतकं तयार, इतकं जवळ. कामठीला फोन लावला. कुसुम म्हणाली, "असं कसं वं? कुरडईच्या डब्याखाली ठेवलं होतं मी. मायच्या लुगड्यात." मी म्हटलं, डबा आहे बाई, खाली काही नाही. ती म्हणाली, "मले तर आठवते ठेवल्यासारखं."

मले तर आठवते ठेवल्यासारखं. मी तिला आणखी एक धक्का दिला. म्हटलं, अगं वय झालं आता आपलं, होतं असं. पाहा घरातच कुठे असेल.

आणि ती पाहायला लागली. नऊ वर्षं झाली, ती पाहतेच आहे.

ट्रंका, कोठी, धान्याचे डबे, माळ्यावरच्या गोधड्या. रविवारी व्हिडिओवर दिसते तेव्हा सांगते, आज मधल्या खोलीतलं कपाट पाह्यलं. पहिल्या वर्षी तिला खात्री होती की तिने पिशवीत ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी म्हणायची, ठेवलं असंन. मग म्हणायला लागली, ठेवलं नसंन मी. आणि एका रविवारी म्हणाली, "विमे, मले वाटते माह्या डोक्यात काही बिघाड झाला. मले ते बांधल्याचं दिसते, गाठ मारल्याचं दिसते. जे झालंच नाही ते कसं दिसते वं?"

तेव्हा सांगायला हवं होतं ना? मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ती माझ्यामुळे गोळ्या घेते.

चार्टवर यशूने आजी आनंदीच्या वर एक चौकोन काढून त्यात मायकल लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. वंदनेच्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. कुणीही काही विचारलं नाही. मी ज्याला भ्याले तो प्रश्न आलाच नाही. एकजण उलट म्हणाली, "किती इंटरेस्टिंग!" आणि चटणी मागितली. अविनाशने मला रात्री जेवताना विचारलं, "आई, हे तू कधी सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, कुसुमला जास्त माहीत. तो बरं म्हणाला आणि दही घेतलं. संपलं. एवढ्यासाठी?

यशू मोठी झाली, पण तिने ते सोडलं नाही. युनिव्हर्सिटीत गेल्यापासून तर रोज लॅपटॉपवर तेच. मला सगळं समजावून सांगते, कारण घरात मीच रिकामी. तिकडे आयर्लंडमध्ये जुन्या नोंदींचे हाल आहेत म्हणे. कुठे आग लागली, कुठे चर्चचं रजिस्टर ओलं होऊन गेलं, मधली काही वर्षं मिळतच नाहीत. कुठे मुळात नोंदच झाली नाही, आणि उशिरा नोंद केली तर दंड बसे म्हणून आईबाप जन्माची तारीख पुढची सांगून मोकळे होत. मी म्हटलं, मग आमच्यासारखंच की. माझी तरी खरी तारीख कुठे आहे? गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना एक जून लिहून टाकली, त्याच तारखेला तुम्ही माझा केक कापता. यशू इतकी हसली! इकडच्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी लाह लावून म्हणाली, "मग आजी, तुझे ॲन्सेस्टर पक्के आयरिश लाह!"

मीही हसले. मग संडासात जाऊन दार लावून उभी राहिले.

नुसतं मायकल या नावाने काही होत नाही. "आजी, तिथे मायकल म्हणजे आपल्या ब्लॉकमधले मिस्टर टॅन, दर मजल्यावर एक. कुठलं दार वाजवू?" गाव हवं, निदान आडनाव हवं. कामठीच्या चर्चमध्ये तिने विचारलं, तिथल्या वहीत आनंदीचं नाव नाही. ज्या फादरनी पुस्तक वाचलं होतं त्यांनाही तिने शोधून काढलं — ते वारले होते. कुसुमला आडनाव आठवत नाही. तिच्याकडे तेव्हा साधा फोन होता, फोटो कसा काढणार? यशू एकदा म्हणाली, जन्माची नोंद नसली की लोक घरातल्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं पहिलं पान शोधतात. तिथे आई आपल्या हाताने मुलांचे जन्म लिहून ठेवायची. "आणि आजी, त्यात फक्त आपली माणसं लिहायची. ज्यांना आपलं मानलं ती. कुसुम आजी म्हणते तिथे आनंदीचं नाव होतं. यू नो व्हॉट दॅट मीन्स?"

मला माहीत होतं. कुसुमने मला केव्हाच सांगितलं होतं, पुस्तक हरवल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी. रडत नव्हती, ती रडत नाही. म्हणाली, "फादरनं वाचून दाखवलं, विमे. त्याचे भाऊ, बहिणी, सगळ्यांची नावं त्याच्या मायनं लिहिलेली. आन् खाली त्यानं सोता लिहिलेलं, आनंदी, माही पोरगी. तारखेसकट. दाराआड उभी होतो ना मी त्या दिवशी, हातात तेच होतं वं. बाहेर जाऊन दाखवलं असतं तर!" आणि मग, "आता तर तेही गेलं. माह्या हातानं गेलं."

इथपर्यंत आले तर आता ते लिहायला हवं.

मी वर लिहिलं की मला काही वाचता आलं नाही. ते खरं नाही. नऊ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — अडाणी बाई, इंग्रजी पुस्तक, तिला काय कळणार? पण त्या यादीत सगळ्यात शेवटी, इंग्रजी ओळीच्या खाली, एक शब्द आपल्या अक्षरांत होता. आ-नं-दी. ज्याला ही अक्षरं येत नाहीत त्याने चित्र काढावं तशी काढलेली. आ चा काना वाकडा, दी ची वेलांटी उलट्या बाजूला सुरू करून मग खोडलेली आणि पुन्हा काढलेली. वर रेघ मारायची राहून गेली होती, ती नंतर वेगळी, पट्टीने मारल्यासारखी. कुणाकडून तरी शिकला असेल. पुतळाबाईला तर लिहिता येत नव्हतं. कुणा बाबूला विचारलं असेल, आमच्या पोरीचं नाव तुमच्यात कसं लिहितात?

तो शब्द मी वाचला. त्याला चौथी पुरते. ओट्यापाशी उभी राहून वाचला, लिफ्टमध्ये पुन्हा उघडून वाचला, आणि पिंपापाशी ती दोन पानं फाडली तेव्हा ते पान वर होतं. आजीचं नाव आहे हे मला माहीत होतं. आनंदीचं नाव बघून मी ते निखाऱ्यांवर ठेवलं.

आंटी अजून आहे. दरवर्षी सातवा महिना आला की ती आमचं दार वाजवते, मला खाली बोलावते. तिच्या मते आम्ही दोघी एका कामाच्या. मी जाते. नाही म्हणायला तोंड नाही. ती तिच्या आईबापांसाठी कागद घालते आणि थोडे माझ्या हातात देते. मी घालते. त्या पिंपाची राख ते नेतात कुठे, हे मी एकदा झाडूवाल्याला विचारलं. त्याला माझं बोलणं कळलं नाही.

मागच्या वर्षी यशूने एका नळीत थुंकी घालून कुठेतरी पाठवली. त्यावरून नातं कळतं म्हणे. मी महिनाभर झोपले नाही. थुंकीत पुस्तकाचं काही निघेल का, असं मला वाटायचं. हसू नका. आणि या वर्षी उत्तर आलं. आयर्लंडच्या एका गावात एक म्हाताऱ्या बाई आहेत, शाळेत शिकवायच्या. त्यांचं आणि यशूचं रक्त कुठेतरी लांबून जुळतं. त्यांनी मोठं पत्र लिहिलं. त्यांच्या आजोबांचा एक भाऊ पलटणीत भरती होऊन हिंदुस्थानात गेला, परत आला नाही. जाताना आईचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन गेला. त्या सगळ्या भावंडांचे जन्म त्यातच लिहिलेले होते, आणि त्यांच्या चर्चच्या रजिस्टरची नेमकी तीच वर्षं गेलेली आहेत. तीन भाऊ पलटणीत होते, त्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत, तेव्हा पुस्तक नेणारा तोच आनंदीचा बाप का, हे थुंकी सांगत नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे असं एखादं पुस्तक आहे का? मी त्र्याऐंशी वर्षांची आहे, माझ्या आजोबांचा जन्म कुठेतरी लिहिलेला मला एकदा बघायचा आहे.

यशूने हे कुसुमला सांगितलं. कुसुम स्क्रीनच्या अगदी जवळ आली. तेच डोळे, आता कडेने धुरकट झालेले. मग म्हणाली, "म्हणजे तेही वाट पाहून रायले होते." आणि उठली. तशीच, फोन चालू ठेवून. आम्हाला नुसती भिंत दिसत होती आणि आतून ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता. अविनाशने मोठ्याने हाक मारली, "मावशी, राहू दे आता, कंबर मोडशील!" प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, बाई, राहू दे.

नुसतं तेवढंच म्हटलं.

गेल्या रविवारी यशूने त्या बाईंना उत्तर लिहिलं. कुसुम फोनवर होती, मी शेजारी. यशूने मराठीत करून वाचून दाखवलं. आमच्याकडे तसं पुस्तक होतं. त्यात तुमच्या माणसांची नावं होती आणि आनंदीचंही होतं. पण ते सांभाळणाऱ्या माझ्या कुसुम आजीकडून ते हरवलं. तिला याचं फार वाईट वाटतं, ती तुमची माफी मागते. हे शेवटचं वाक्य कुसुमने घालायला लावलं. यशू म्हणत होती, अगं कशाला, ॲक्सिडेंट आहे तो. कुसुम म्हणाली, "नाही बेटा, लिही. त्यायच्या मायची वस्तू होती."

मग यशूने माझ्याकडे बघितलं. "ठीक आहे ना, आजी? सेंड करू?"

मी म्हटलं, कर.

ते गेलं. तिकडे, जिथे त्या भावंडांचे जन्म कुठेच लिहिलेले नाहीत, तिथे आमच्या घराबद्दल आता ही एक गोष्ट लिहिलेली आहे, कुसुमच्या नावानिशी. ती खोटी आहे. कुसुमने पुस्तक लुगड्याच्या तुकड्यात बांधलं, गाठ मारली, डब्याखाली ठेवलं. तिला जसं दिसतं तसंच. ते इथे पोचलं. मी गाठ सोडली, मी वाचलं, मी जाळलं.